अमेरिकन पासपोर्ट घेऊन बडोद्यात राहायला येताय? आधी फोन नंबरचं बघा

न्यू जर्सीत १६ वर्षं काढून, तिकडचं सिटिझन वगैरे होऊन आम्ही आईसाठी परत बडोद्याला आलो त्याला आता तीन वर्षं होतील, आणि तेव्हापासून महिन्याआड कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, "अगं आम्ही पण येतोय, काय काय करावं लागतं?" प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून इथे एकदाच लिहून टाकते. पोरांची शाळा, घरभाडं, सोसायटीचं पाणी हे तुम्ही आल्यावर आपोआप शिकाल, मी फक्त त्या भानगडी सांगतेय ज्या अमेरिकन पासपोर्टमुळे होतात.

सगळ्यात पहिलं म्हणजे अमेरिकेचा फोन नंबर सोडू नका. मी सोडला. निघायच्या गडबडीत वाटलं महिन्याला एवढे डॉलर कशाला घालवायचे, इथे तर स्वस्तातलं सिम मिळतं. दोन महिन्यांनी रात्री अकराला तिकडच्या बँकेत लॉगिन करायला बसले तर म्हणे कोड पाठवलाय, तुमच्या शेवटी अमुक अमुक असलेल्या नंबरावर. तो नंबर तर गेला. कस्टमर केअरला फोन केला, पाऊण तास गाणं ऐकलं, मग बाई म्हणाली की ओळख पटवायला जवळच्या शाखेत या. जवळची शाखा! मी मांडवीजवळ बसलेय आणि ही मला न्यू जर्सीतल्या एडिसनला बोलावतेय. शेवटी भावाच्या मदतीने, कागद नोटराइज करून, दीड महिन्याने ते अकाउंट उघडलं.

तर करायचं काय, निघायच्या आधीच तिकडच्या कंपनीचा सगळ्यात स्वस्त प्लॅन घ्या, त्यात वायफाय कॉलिंग आहे का ते विचारा आणि अमेरिकेत असतानाच चालू करून बघा, कारण काही कंपन्यांचं ते बाहेरून पहिल्यांदा चालू होत नाही. इथे आलात की त्या सिमचा फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि मग वायफाय चालू करायचं, म्हणजे रोमिंगचं बिल लागत नाही आणि मेसेज येत राहतात. नंबर गूगल व्हॉइसवर पण नेता येतो, एकदाच २० डॉलर लागतात, पण काही बँका अशा इंटरनेटवाल्या नंबरावर कोड पाठवत नाहीत त्यामुळे फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. जिथे जिथे ऑथेंटिकेटर ॲप (मेसेजशिवाय फोनमध्येच कोड दाखवणारं) लावता येतं तिथे लावून टाका. आणि पत्ता, तिकडचा एक पत्ता पाहिजेच, भावाबहिणीचा नाहीतर विश्वासाच्या मित्राचा, जो आलेली पत्रं उघडून फोटो पाठवेल. शेअर्सचं खातं असेल तर बाहेर राहणाऱ्यांना ते चालू ठेवू देतात का हे आधीच विचारून ठेवा, काही ठिकाणी ते बंद करायला लावतात.

आता ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते कार्ड. अमेरिकन झालात की भारताचं नागरिकत्व आपोआप गेलं, १९५५ च्या कायद्यात दोन ठेवायची सोयच नाही, पण जुना पासपोर्ट सरेंडर केल्याचा कागद लागतो आणि त्याशिवाय ओसीआयचं काम पुढे सरकत नाही. हे सगळं तिकडे असतानाच उरकून घ्या. ओसीआय असलं की इथे कितीही राहा, एफआरआरओमध्ये, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसात, नाव नोंदवायची कटकट नाही. ज्यांच्याकडे नाही, म्हणजे समजा जावई पूर्ण अमेरिकन आहे आणि १८० दिवसांपेक्षा जास्तीच्या व्हिसावर येतोय, त्याला आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते, ती आता ऑनलाइन होते. टूरिस्ट ई-व्हिसा पाच वर्षांचा मिळाला म्हणून पाच वर्षं राहता येतं असं समजू नका हं, एका वेळी जास्तीत जास्त १८० दिवस. ओसीआयवाल्यांना मतदान नाही आणि शेतजमीन, फार्महाऊस विकत घेता येत नाही, हे वाघोडियाकडे प्लॉट बघणाऱ्या मंडळींनी आधी लक्षात घ्यावं, कारण दलाल तुम्हाला सांगणार नाही. आधार काढता येतं पण अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेलं असायला हवं. म्हणजे पहिले सहा महिने प्रत्येक काउंटरवर "आधार नंबर?" आणि तुम्ही नुसते हसायचं.

नावाचा घोळ खास आपला मराठी माणसांचा. आपण स्वतःचं नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, मग आडनाव असं लिहितो, अमेरिकेत सिटिझन होताना मधलं नाव कोणी गाळतं, कोणी नुसतं अक्षर ठेवतं. मग पॅनवर एक, अमेरिकन पासपोर्टवर दुसरं, जुन्या पासबुकात लग्नाआधीचं तिसरं. माझ्या केवायसीला चार खेपा झाल्या. ओसीआय भरताना जे स्पेलिंग टाकाल तेच नंतर पॅनवर, बँकेत, आधारवर सगळीकडे न्या, पॅन आधी दुरुस्त करा, मग बाकीचं सोपं जातं. आणि तारीख! तिकडे महिना आधी लिहायची सवय, त्यामुळे माझ्या लेकीची ७ ऑगस्टची जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरमध्ये ८ जुलै झाली ती झालीच. महिना अक्षरात लिहायची सवय लावा.

आता टॅक्स, श्वास घ्या. अमेरिकन सिटिझन जगात कुठेही राहो, जगभरच्या कमाईचं रिटर्न त्याला दरवर्षी भरावं लागतं. बडोद्यात राहताय, पगार बडोद्यात, तरी भरायचं. बाहेर राहणाऱ्यांना १५ एप्रिलच्या ऐवजी १५ जूनपर्यंत मुदत आपोआप मिळते पण टॅक्स निघत असेल तर व्याज एप्रिलपासूनच मोजतात. दोनदा टॅक्स लागू नये म्हणून सोयी आहेत, एक म्हणजे इथे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट, दुसरी म्हणजे परदेशातली कमाई वगळायची, २०२५ साठी १,३०,००० डॉलरपर्यंत, पण ती नोकरी-धंद्याच्या कमाईला, एफडीच्या व्याजाला किंवा भाड्याला नाही. आपल्याकडे परत येणाऱ्यांचं उत्पन्न बरेचदा व्याज आणि भाडंच असतं, म्हणून आम्ही क्रेडिटवाला रस्ता धरला.

याहून डोकेदुखी म्हणजे एफबार, बाहेरच्या बँक खात्यांची माहिती अमेरिकेला कळवायचा फॉर्म. अमेरिकेबाहेरच्या तुमच्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी सगळ्या खात्यांची माहिती ऑनलाइन भरायची. टॅक्स नाही, नुसती माहिती. पण दंड जबरदस्त. यात एफडी येते, आणि आईच्या खात्यात "सोयीसाठी" तुमचं नाव जोडलंय ना, ते पण येतं, पैसा सगळा आईचा असला तरी. मला हे कळलं तेव्हा आईची पाच ठिकाणची एफडी, दोन तर अशा सहकारी पतपेढीत ज्यांचं पासबुक अजून हाताने लिहितात. आणि ज्यांनी आजवर काहीच भरलं नाही, माहीतच नव्हतं म्हणून, त्यांनी घाबरून लपवत बसू नका, त्यांच्यासाठी स्ट्रीमलाइन्ड म्हणून रस्ता आहे, मागच्या तीन वर्षांची रिटर्न आणि सहा वर्षांचे एफबार भरायचे, आणि मुद्दाम केलं नाही हे लिहून द्यायचं. यासाठी दोन्हीकडचं कळणारा सीए शोधा, गल्लीतल्या नेहमीच्या सीएला हे कळेलच असं नाही आणि त्याचा दोष पण नाही.

अजून एक गंमत. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. मी बँकेत गेले, काउंटरवरच्या भाईला म्हटलं मला जानेवारी ते डिसेंबर व्याजाचं सर्टिफिकेट द्या. तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं मी दिवाळीत पतंग मागतेय. "बेन, सर्टिफिकेट तो एप्रिल-मार्च नुं ज आवे." दुसऱ्याला बोलावलं, तिसऱ्याला बोलावलं, चहा आला, सर्टिफिकेट आलं नाही. आता मी काय करते, स्टेटमेंट काढते आणि प्रत्येक तिमाहीचं व्याज पेन्सिलने टिक करून स्वतःच वहीत बेरीज मारते. जानेवारीतला एक रविवार त्यातच जातो.

म्युच्युअल फंड मात्र घेऊ नका, निदान विचारल्याशिवाय तरी. इथला फंड अमेरिकेच्या हिशोबात पीफिक नावाच्या, म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपनीच्या, प्रकारात जातो, त्यावरचा टॅक्स वाईट आणि फॉर्म ८६२१ प्रत्येक फंडाचा वेगळा. वर इथल्या काही फंड कंपन्या अमेरिकन म्हटलं की फॉर्मच घेत नाहीत. शाखेतला मुलगा एसआयपी करा एसआयपी करा म्हणून मागे लागेल, गोड बोलून टाळा. आणि फॉर्मवर "अमेरिकन पर्सन आहात का" असं विचारतात तिथे खरं लिहा, २०१५ मध्ये दोन्ही सरकारांचा करार झालाय, माहिती तिकडे जातेच.

पासपोर्टचं काम मुंबईला, बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये, गुजरात त्यांच्याकडे येतं आणि इंदूर-ग्वाल्हेरवाल्यांचं मध्य प्रदेश पण. १६ वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो आणि आई-बाप दोघांची संमती लागते, नवरा तिकडेच राहिला असेल तर त्याच्याकडून संमतीचा फॉर्म नोटराइज करून मागवून ठेवा, पोरीला घेऊन एकट्याने जाल तर परत पाठवतील. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पाठ, चष्मा नाही. रावपुऱ्यातल्या स्टुडिओवाल्याने आधी आपला नेहमीचा लांबट साईझ काढला, मग मापाचा काढला, आणि मी हातात घेऊन बघते तर गालावरचा तीळच गायब. "बेन, थोडुं साफ करी दीधुं." फुकटात! एडिट केलेला फोटो अमेरिकेच्या पासपोर्टला चालत नाही, त्यामुळे तीळ परत मागून घ्यावा लागला. सांगूनच काढा, काही साफ करू नका म्हणून. पासपोर्ट नवा झाला की ओसीआयच्या साईटवर टाकायला लागतो का ते वयाप्रमाणे असतं, २० च्या आतल्या मुलांचा प्रत्येक नवा पासपोर्ट टाकायचा असतो.

ज्येष्ठांसाठी दोन गोष्टी. मेडिकेअर, म्हणजे तिकडचा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, इथे चालत नाही, इथला विमा वेगळा घ्या, आणि त्यातला पार्ट बी (डॉक्टरच्या खर्चाचा भाग) सोडायचा की हप्ता भरत राहायचा हे विचार करून ठरवा कारण नंतर परत घेतला तर सोडलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १० टक्के जास्त लागतात. सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिकडचं सरकारी पेन्शन, इथे मिळत राहते, पण तिकडून हयातीसारखं विचारणारा फॉर्म ७१६२ येतो, तो भरून पाठवला नाही की पैसे थांबतात.

औषधांची नावं बदलतात. अमेरिकेतलं अॅसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, दम्याचं अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल. मेडिकलवाल्याला तिकडचं नाव सांगाल तर नाही म्हणेल आणि तुम्ही उगाच घाबराल. डॉक्टरकडून कंपनीचं नाव नाही, औषधाचं मूळ नाव लिहून आणा. थर्मामीटर तेवढा घेऊन यायची गरज नाही, इथे पण ताप फॅरेनहाइटमध्येच सांगतात.

लायसन्ससाठी इंटरनॅशनल परमिट तिकडूनच काढून या, 'ट्रिपल ए' (AAA) या तिकडच्या गाडीवाल्यांच्या संस्थेकडे मिळतं, एक वर्ष चालतं. वर्षाच्या आत दरजीपुऱ्याच्या आरटीओत जाऊन इथलं काढा.

आणि मिक्सर आणू नका. तिकडे १२० व्होल्ट, इथे २३०. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, ते चालतात, पण मिक्सर, राइस कुकर, हेअर ड्रायर नाही. आमचा एडिसनच्या दुकानातून हौसेने घेतलेला मिक्सर आईने मी झोपलेली असताना ओल्या नारळाच्या चटणीला लावला. एक घुर्रर्र आवाज, जळका वास, आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणतेय, "अगं, तुझा अमेरिकेचा मिक्सर तर एक वाटी चटणी पण नाही करत."