मरळ आणि मांगूर जिवंत घरी आणायचे तर

बादली काठोकाठ भरायची, मरळ आत सोडायची आणि उडी मारू नये म्हणून वर झाकण घट्ट दाबायचं, असं करणारं कुणी ना कुणी नागपुरात मला दर पावसाळ्यात भेटतं. सकाळी मासा मेलेला. पाणी विहिरीचं, बादली धुतलेली, मग झालं काय? मरळ बुडून मेली. मोठी मरळ नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही. कल्ल्यांच्या वर डोक्यात तिला एक पोकळी असते, आणि थोड्या थोड्या वेळानं वर येऊन ती तोंडानं हवा घेते. मांगूरचंही तेच. म्हणून आधी हवेची सोय, मग पाण्याची.

माझं माहेर साकोलीकडचं, बाबा मामा तलावावर जाळं टाकणारे ढिवर. (मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे जुने तलाव पुष्कळ आहेत.) मृगाचा पाऊस पडून तलावात नवं पाणी येऊ लागलं की हे मासे धारेच्या उलटे चढतात आणि धानाच्या बांध्यांत शिरतात. मध्ये धुरा, म्हणजे शेताचा बांध, आडवा आला तर ओल्या गवतावरून तोही ओलांडतात. मांगूर बाजूच्या परांचे काटे चिखलात रोवून अंग वळवत पुढं सरकतो. मरळ नुसती वळवळत जाते. हे लक्षात ठेवा, पुढं टाक्याशी काम आहे.

बाजारात मरळ घेताना ती वर येऊन हवा घेते का, एवढं बघा. अंगावर पांढरे कापसासारखे डाग असतील तर सोडून द्या. मांगूर घेताना जास्त चौकस राहा. ‘थाई मांगूर’ म्हणून विकतात तो मुळात आफ्रिकेतला मासा, आणि त्याच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे. देशी मांगूर सहसा पाव किलोच्या आसपास असतो. दीड-दोन किलोचं, अंगावर करडे-काळे चट्टे असलेलं धूड कुणी देशी म्हणून देत असेल तर हसून पुढं जा. शंका असेल तर डोक्याचं हाड मागच्या बाजूनं पाहा: देशीत ते एका टोकात निमुळतं होतं, आफ्रिकीत त्याची कड रुंद आणि नागमोडी असते.

आता प्रवास. साकोली ते नागपूर शंभरेक किलोमीटर, एसटीनं. बाबा पाणी देतच नाहीत. तागाचं पोतं तलावात भिजवतात, पिळत नाहीत, त्यात ओलं गवत घालतात, मासे ठेवतात आणि तोंड सैल बांधतात. पोतं सुकायला लागलं की वाटेत पाणी शिंपडायचं. कातडी आणि कल्ले ओले राहिले की हे मासे काही तास आरामात काढतात. प्लास्टिकचं पोतं नको. पाण्यानं गच्च भरून गाठ मारलेली पिशवी तर मुळीच नको. वर हवाच उरत नाही. आणि बसमध्ये पोतं इंजिनाजवळ ठेवू नका. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तर नकोच नको.

घरी टब रुंद घ्या. पाणी मासा पूर्ण बुडून वर चार बोटं राहील एवढंच, आणि पाण्यापासून काठापर्यंत निदान दोन वीत जागा मोकळी. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरा, क्लोरीन उडून जातो. वर बांबूची टोपली पालथी घाला आणि तिच्यावर पाटा ठेवा. पाटाच, ताटली नाही. मरळ खालून धडक देते. लहान-मोठ्या मरळी एकत्र ठेवू नका, मोठी लहानीला गिळते. एक-दोन दिवस खायला काही घालू नका आणि रोज निम्मं पाणी बदला, म्हणजे चिखलाचा वासही कमी होतो.

अंगणात सिमेंटचं टाकं असेल तर पावसाच्या रात्री काठोकाठ भरू देऊ नका. मांगूर वाट काढतो आणि सकाळी शेजाऱ्यांच्या नालीत सापडतो. भोवती बारीक जाळी लावा, तिची खालची कड मातीत गाडा. अमेरिकेत फ्लोरिडात 1960च्या दशकात आशियातून आणलेले असेच मासे तळ्यांतून निसटले आणि रानोमाळ पसरले. पुढं तिथल्या मत्स्यपालकांना आपल्या तळ्यांभोवती कुंपणं घालावी लागली. घरातला नकोसा झालेला मासा तलावात किंवा विहिरीत सोडण्याचं पुण्य कृपा करून घेऊ नका.

मांगूर धरताना कल्ल्यांमागच्या दोन काट्यांपासून बोटं जपा. शिंगी नावाच्या माशाचा काटा तर त्याहून वाईट. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, ठणका कमी होतो. सूज चढली तर डॉक्टरकडे जा.

कापायच्या आधी मासा बर्फाच्या पाण्यात ठेवा. त्यात तो मरत नाही, फक्त सुन्न होतो, म्हणून नंतर डोक्यावर वरवंट्याचा एकच जोरकस घाव घाला. जिवंत मासा विळीवर धरणं मला पाहवत नाही, आणि हातही कापतो. मांगूरला खवले नसतात, बुळबुळीत थर असतो. चुलीची राख चोळून खरबरीत कापडानं पुसा. डोकं उघडलं की कल्ल्यांवर पोवळ्यासारखं लाल, फांद्या फुटलेलं काहीतरी दिसेल. हवा घ्यायचा अवयव तो. कल्ल्यांबरोबर काढून टाका, त्यात गाळ अडकलेला असतो. मरळीचे खवले मात्र शेपटीकडून डोक्याकडे ओढून काढा, मग हळद-मीठ लावून ठेवा. तिच्यात बारीक काटे कमी असतात, पोरांना द्यायला सोपी. रश्शात तुकडे शेवटी सोडा, आणि एकदा सोडले की पळी घालू नका, भांडंच धरून हलवा.