जीमॅटचा सराव: प्रश्न सोडवून झाल्यावरचं काम

"ताई, एकूण किती प्रश्न सोडवायला हवेत?" माझ्याकडे जीमॅटच्या (एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेच्या) तयारीसाठी येणारे बहुतेक जण पहिल्याच भेटीत हे विचारतात. मी आकडा सांगत नाही. त्याऐवजी काल सोडवलेला एखादा प्रश्न समोर ठेवायला सांगते आणि विचारते, चुकीचे चार पर्याय चुकीचे का आहेत ते एकेक करून सांग. बरोबर उत्तर आलेल्या प्रश्नावरही इथे पुष्कळ जण अडखळतात. उत्तर आलेलं असतं, प्रश्न मात्र कळलेला नसतो. त्यामुळे रोज दहा-बारा प्रश्न घ्या, पण त्यांचा पुरता फडशा पाडा. सोडवायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ नंतरच्या तपासणीला द्या.

त्याआधी हातातलं साहित्य तपासून घ्या. परीक्षेचं सध्याचं स्वरूप नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं आणि ३१ जानेवारी २०२४ नंतर जुनं बंद झालं. आता क्वांटचे (गणिताचे) २१, व्हर्बलचे (इंग्रजी वाचन आणि तर्काचे) २३ आणि डेटा इनसाइट्सचे (तक्ते, आलेख आणि माहिती पारखण्याचे) २० प्रश्न असतात, प्रत्येक विभागाला ४५ मिनिटं. निबंध गेला, वाक्यदुरुस्ती गेली, क्वांटमधली भूमितीही गेली. डेटा सफिशियन्सी क्वांटमधून उठून डेटा इनसाइट्समध्ये आली. एखाद्या मोठ्या भावंडाकडून मिळालेल्या जुन्या पुस्तकात वाक्यदुरुस्तीचीच शंभर पानं असतील, तर ती सरळ सोडून द्या. क्रिटिकल रीझनिंगचे, म्हणजे युक्तिवाद पारखण्याचे, आणि उताऱ्यांचे जुने प्रश्न मात्र आजही तितकेच कामाचे आहेत, ते टाकू नका.

आता प्रत्यक्ष पद्धत. वेळ लावून एक संच सोडवा. उत्तरांचं पान उघडण्याआधी ज्या प्रश्नांबद्दल मनात जराही शंका आहे, ते घड्याळ बाजूला ठेवून पुन्हा सोडवा आणि दुसरं उत्तर पहिल्याशेजारी लिहा. मगच तपासा. पहिलं चुकलं आणि दुसरं बरोबर आलं, तर विषय तुम्हाला येतो, घाईत काहीतरी निसटतंय. दोन्ही चुकली, तर पायाच कच्चा आहे आणि त्या प्रकरणाकडे परत जायला हवं. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत. लगेच उत्तर पाहिलं की कोणतं दुखणं आहे हे कधीच कळत नाही, कारण स्पष्टीकरण वाचताना सगळंच सोपं वाटतं.

एक उदाहरण नीट उलगडून दाखवते. डेटा सफिशियन्सीत उत्तर काढायचं नसतं, दिलेली माहिती पुरेशी आहे का एवढंच ठरवायचं असतं. समजा प्रश्न असा आहे: एका धन पूर्णांकाला १२ ने निःशेष भाग जातो का? पहिलं विधान, त्याला ६ ने भाग जातो. दुसरं विधान, त्याला ४ ने भाग जातो.

पहिलं विधान एकटं घ्या. संख्या ६ असेल तर उत्तर नाही, १२ असेल तर हो. दोन्ही उत्तरं निघाली, म्हणजे विधान अपुरं. आता पहिलं विधान हाताने झाकून दुसरं घ्या. ४ घेतली तर नाही, १२ घेतली तर हो. हेही अपुरं. दोन्ही एकत्र घेतली, की ६ आणि ४ या दोघांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या १२, म्हणजे भाग जातोच. उत्तर सी, म्हणजे एकेकटं विधान अपुरं, दोन्ही मिळून पुरेशी.

बहुतेक जण इथे थांबून पुढच्या प्रश्नाला लागतात. खरा सराव इथून सुरू होतो. प्रश्नातला एकच आकडा बदला: १२ च्या जागी २४ लिहा. विधानं तीच. सहा चोक चोवीस, म्हणून हात आपोआप पुन्हा सी वर जातो. पण १२ या संख्येला ६ नेही भाग जातो, ४ नेही जातो, २४ ने जात नाही. २४ घेतली तर जातो. दोन्ही विधानं मिळूनही अपुरी, उत्तर ई. ६ आणि ४ मध्ये २ हा अवयव सामायिक आहे, तो दोनदा मोजायचा नसतो, हे या एका बदलातून जसं डोक्यात बसतं तसं नियम वाचून बसत नाही. आणखी एक बदल करा. मूळ १२ परत आणा, पण दुसरं विधान "त्या संख्येच्या वर्गाला ४ ने भाग जातो" असं करा. आता त्यातून फक्त संख्या सम आहे एवढंच हाती लागतं, आणि ते पहिल्या विधानात आधीच आहे. ६ घेऊन पाहा, १२ घेऊन पाहा, उत्तर पुन्हा ई. एका प्रश्नाचे तीन प्रश्न झाले आणि तिघांतला फरक तुम्ही स्वतः पाहिलात. स्वतः आकडे बदलायची ही सवय मला सगळ्यांत मोलाची वाटते.

चुकांची एक वही ठेवा. तिच्यात "सिली मिस्टेक" हे शब्द लिहायचे नाहीत, एवढा एक नियम मी सगळ्यांना घालते. त्या दोन शब्दांखाली काहीही झाकलं जातं. नेमकं काय झालं ते लिहा: "किती उरले विचारलं होतं, मी किती विकले ते काढलं." किंवा "संख्या पूर्णांक आहे असं कुठेच म्हटलं नव्हतं, मी धरून चाललो." मग खाली एक ओळ, पुढच्या वेळी काय करायचं: "पर्याय निवडण्याआधी प्रश्नाचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचणे." दोन-तीन आठवड्यांनी वही चाळलीत की तीच दोन-चार वाक्यं वेगवेगळ्या वेशात पुन्हापुन्हा भेटतील. पुढच्या आठवड्याचा अभ्यास काय, हे तीच वाक्यं ठरवतात. चुकलेला प्रश्न लगेच पुन्हा सोडवू नका. उत्तर आठवत असतं, त्याचा उपयोग होत नाही. दहाएक दिवस जाऊ द्या.

क्रिटिकल रीझनिंगला वही वेगळ्या तऱ्हेने भरावी लागते. हा प्रश्न पाहा. एका कंपनीनं विक्री विभागासाठी ऐच्छिक प्रशिक्षण सुरू केलं. वर्षअखेरीस प्रशिक्षण घेतलेल्यांची सरासरी विक्री इतरांपेक्षा जास्त भरली. म्हणून व्यवस्थापनानं निष्कर्ष काढला, की प्रशिक्षणामुळे विक्री वाढते. हा युक्तिवाद सर्वांत जास्त कशामुळे कमकुवत होतो? चार पर्याय घेऊ. एक, प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी काहींची विक्री इतरांच्या सरासरीहून कमी होती. दोन, प्रशिक्षणावर अपेक्षेपेक्षा जास्त खर्च झाला. तीन, नाव नोंदवणाऱ्यांची विक्री आदल्या वर्षीही इतरांपेक्षा तेवढीच जास्त होती. चार, न घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांना प्रशिक्षण हवं होतं, पण जागा भरल्या होत्या.

पर्यायांकडे पाहण्याआधी कागद झाकून स्वतःला विचारा, या युक्तिवादात फट कुठे आहे? "ऐच्छिक" या शब्दात. जे स्वतःहून आले ते आधीपासूनच सरस असतील तर? हे मनाशी पक्कं असेल तर तिसरा पर्याय चटकन दिसतो. आता उरलेल्यांचा हिशोब. पहिल्यातला "काहींची" हा शब्द सरासरीला धक्का लावत नाही, सरासरीत काही जण खाली असणारच. दुसऱ्यानं विषयच बदलला, खर्चाचा आणि विक्री वाढण्याचा इथे संबंध नाही. चौथा सर्वांत फसवा. तो नीट वाचला तर युक्तिवादाला थोडा आधारच देतो, कारण उत्साह दोन्ही गटांत होता असं त्यातून दिसतं. कमकुवत करणारा हवा असताना बळकट करणारा पर्याय उचलणं ही फार नेहमीची चूक आहे. म्हणून वहीत प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे एकदोन शब्दांत गुन्हा लिहा: विषयांतर, उलटी दिशा, "काही" वरून "सगळे".

उताऱ्यांबद्दल थोडक्यात. निवडलेल्या उत्तराचा पुरावा उताऱ्यातल्या कोणत्या ओळीत आहे, तिथे बोट ठेवता आलं पाहिजे. बोट ठेवता येत नसेल, तर उत्तर बरोबर आलं तरी तो प्रश्न वहीत जातो.

डेटा इनसाइट्समध्ये तक्ते आणि आलेख असतात, तिथे आधी अक्षांवरची एककं आणि खालची बारीक टीप वाचा, मग प्रश्न. तक्त्याखालच्या तिन्ही विधानांची उत्तरं बरोबर आली तरच गुण मिळतो, दोन बरोबर असून काही हाती लागत नाही. पडद्यावरचा कॅल्क्युलेटर फक्त याच विभागात असतो. म्हणून क्वांटचा सराव पहिल्या दिवसापासून हातानेच करा, आणि इथेही अंदाजाने भागत असेल तिथे त्याला हात लावू नका.

घड्याळ कधी लावायचं? नवं प्रकरण शिकताना मुळीच नाही. पद्धत बसली की संचाला वेळ लावा. क्वांट आणि व्हर्बलमध्ये प्रश्नामागे साधारण दोन मिनिटं येतात, डेटा इनसाइट्समध्ये सव्वादोन. दोन मिनिटं झाली आणि अजून वाट दिसत नसेल, तर अंदाजाने एक पर्याय निवडून पुढे जाण्याचाही सराव करावा लागतो. हुशार मुलांना हे सर्वांत जड जातं. पण परीक्षेत उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न येत नाही, आणि शेवटी प्रश्न कोरे राहिले तर गुणांना चांगलाच फटका बसतो. एका प्रश्नाच्या हट्टापायी तीन सोपे प्रश्न गमावू नका.

अधिकृत संकेतस्थळावर पहिल्या दोन सराव परीक्षा मोफत मिळतात. पहिली सुरुवातीला द्या, आपण कुठे उभे आहोत ते कळण्यापुरती. दुसरी मूळ प्रकरणं पुरी होईपर्यंत राखून ठेवा. प्रत्येक परीक्षेनंतरचा दिवस फक्त तपासणीचा, नवा प्रश्न नाही. मिळालेला आकडा पाहून कितीही आनंद किंवा वाईट वाटलं, तरी ६४ प्रश्नांची वही भरून होईपर्यंत पुढची परीक्षा उघडू नका.

या परीक्षांमध्ये उत्तर बदलण्याचीही तालीम करा. विभाग संपल्यावर वेळ उरला असेल, तर खुणा केलेल्या प्रश्नांकडे परत जाता येतं आणि जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात. त्यामुळे दिसेल त्या प्रश्नावर खूण करत सुटू नका. अजून एक मिनिट मिळालं तर नक्की सुटेल असं वाटतं, त्यावरच करा. बदलताना कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे: अमुक शब्द वाचायचा राहिला, अमुक वजाबाकी चुकली. नुसतं "आता दुसरं बरं वाटतंय" असेल, तर पहिलं उत्तर तसंच राहू द्या. तपासणीच्या दिवशी बदललेल्या प्रत्येक उत्तरापुढे ते कारण आणि त्याचा निकाल लिहून ठेवा.