भारी हेडफोन पहिल्यांदा ऐकताना कानांची फसगत कशी टाळावी

नवा महागडा हेडफोन डोक्यावर चढवला की पहिल्या पाच मिनिटांत तोंडातून एक तर 'वा!' निघतं, नाहीतर 'एवढंच?'. दोन्ही प्रतिक्रिया खऱ्याच असतात, पण त्यात हेडफोनचा वाटा वाटतो त्यापेक्षा कमी असतो. आवाज किती मोठा ठेवला होता, पॅड कानाभोवती नीट टेकले होते का आणि कालपर्यंत तुम्ही काय ऐकत होतात, यावरच बरंच काही ठरतं. तेव्हा आधी या तिन्हींचा बंदोबस्त करू.

१. आधी तो नीट घाला

डावं-उजवं बघून घ्या. हसू नका, मी एकदा एका हेडफोनच्या 'साउंडस्टेज'वर, म्हणजे कुठलं वाद्य कुठून वाजतंय या भासावर, अर्धा तास खूश होतो. ओळखीच्या गाण्यात वाद्यांची मांडणी काही वेगळीच भासत होती. शेवटी कपांवरची अक्षरं पाहिली, तर मी हेडफोन उलटा घातला होता. नेहमी डावीकडे वाजणारी गिटार उजवीकडे गेली होती, चमत्कार एवढाच.

मग पॅड. चष्म्याची दांडी किंवा दाट केस यांमुळे पॅड आणि त्वचा यांत फट राहते आणि तिथून सगळ्यात आधी बेस गळतो. क्लोज्ड-बॅक, म्हणजे कप मागून बंद असलेल्या हेडफोनमध्ये हे जास्त जाणवतं. बेस असलेलं काहीतरी लावा आणि दोन्ही कप हलकेच डोक्याकडे दाबा. बेस एकदम वाढला, तर फट आहे. चष्मा काढून पुन्हा ऐका. हेडफोन ओपन-बॅक (मागून उघडा) असेल, तर बाहेरच्या जाळीवर तळहात ठेवू नका, त्यानेही आवाज बदलतो. कडेला धरून दाबा.

२. अ‍ॅम्प पुरेसा आहे का, एवढंच बघा

अ‍ॅम्प म्हणजे हेडफोनला ताकद पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि ओहम हे इम्पिडन्सचं, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. सेनहायझरचा १९९७ सालचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे, त्याला जास्त व्होल्टेज लागतं. हायफायमनचा एचई-६ फक्त ५० ओहमचा, पण त्याची संवेदनशीलता (ठरावीक ताकदीवर तो किती मोठा वाजतो ते) ८३.५ डेसिबल इतकी कमी की त्याला दमदार अ‍ॅम्प हवाच. म्हणजे नुसता ओहमचा आकडा बघून भागत नाही. व्हॉल्यूम पूर्ण चढवूनही आवाज मिणमिणता वाटत असेल किंवा ठोका पडताना फाटत असेल, तर हेडफोनबद्दल मत बनवायची ती वेळ नव्हे. अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा अडथळा, हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, हा ढोबळ नियम ठीक आहे. केबलच्या चर्चेत पहिल्या दिवशी शिरूच नका.

३. आवाजाची पातळी जुळवा

सगळा लेख विसरलात तरी हरकत नाही, ही पायरी विसरू नका.

बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज हळू असताना कानाला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की तेच सूर भरून येतात. त्यामुळे दोन हेडफोनांपैकी जो किंचित मोठा वाजतो, तो जास्त भरदार आणि जास्त स्पष्ट वाटतो. एखाददुसऱ्या डेसिबलचा फरक असेल, तर 'हा मोठा आहे' असं तुम्हाला वाटणारच नाही, 'हा चांगला आहे' असं वाटेल. अ‍ॅम्पचं बॅलन्स्ड आउटपुट (दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारी जोडणी) लावल्यावर 'पडदाच बाजूला झाला' असं वाटण्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. तिथून सहा डेसिबलपर्यंत जास्त आवाज येऊ शकतो.

जुळवायचं कसं? कुणीतरी नुसतं बोलत असल्याचं रेकॉर्डिंग घ्या. जुन्या हेडफोनवर तो माणूस समोर हातभर अंतरावर बसून बोलतोय असं वाटेल, इतका आवाज ठेवा. मग नव्यावर तेवढंच अंतर वाटेपर्यंत व्हॉल्यूम हलवा. चार-पाच वेळा आलटून पालटून बघा आणि दोन्ही खुणा लिहून ठेवा. मोजमापाइतकं काटेकोर नाही, पण फसवणूक बरीच टळते.

एक सावधगिरी. स्वस्त हेडफोन मोठा केला की आवाज फाटतो आणि आपला हात आपोआप मागे येतो. चांगला हेडफोन फाटत नाही, म्हणून व्हॉल्यूम नकळत चढत जातो. कामाच्या ठिकाणच्या गोंगाटासाठी अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने घालून दिलेली मर्यादा ८५ डेसिबल, ८ तास अशी आहे. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो.

४. काय ऐकायचं

'डेमो'साठी प्रसिद्ध असलेली चकचकीत रेकॉर्डिंग्ज बाजूला ठेवा, ती कशावरही छान वाजतात. तुम्हाला तोंडपाठ असलेली तीन गाणी घ्या, त्यांत एक वाईट रेकॉर्डिंग असू द्या.

बोलण्याच्या त्याच रेकॉर्डिंगमध्ये 'चार' आणि 'चारा' यांतले दोन 'च' ऐका. दबलेल्या आवाजाच्या हेडफोनवर ते एकमेकांत मिसळतात. ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या तीक्ष्ण सुरांत, उठाव असलेल्या हेडफोनवर 'चारा'तला 'च' आणि सगळे 'स' सुईसारखे टोचतात. हा उठाव पहिल्या भेटीत 'काय डिटेल आहे!' म्हणून खपून जातो आणि तासाभरात डोकं धरायला लावतो. सेनहायझरच्या २००९ सालच्या एचडी ८०० मध्ये ६ किलोहर्ट्झजवळ असा उठाव होता. पुढे एचडी ८०० एस काढताना कंपनीने तो आवरायला आत अ‍ॅब्सॉर्बर (तो उठाव शोषून घेणारा भाग) बसवला.

बेससाठी डग्गा उत्तम. मनगट सरकवत सूर वर नेला की तो चढताना दिसायला हवा, नुसता 'धम्म' नको.

५. मत लगेच देऊ नका

पहिल्या दिवशी वहीत फक्त जाणवलेल्या गोष्टी लिहा: 'बाईंचा आवाज मागे गेला', 'झांज लांबली'. 'अप्रतिम' हा शब्द वर्ज्य. मग आठवडाभर फक्त नवा हेडफोन वापरा. या काळात आवाज 'खुलल्यासारखा' वाटेल. त्याला बर्न-इन म्हणतात. माझ्या मते त्यात ड्रायव्हरपेक्षा (आवाज काढणाऱ्या आतल्या भागापेक्षा) दबून बसलेल्या पॅडचा आणि सवय झालेल्या कानांचा हात मोठा असतो.

आठव्या दिवशी जुना हेडफोन काढा. तीच तीन गाणी, व्हॉल्यूमच्या त्याच खुणा. आता जुन्यात काय कमी वाटतं ते पहिल्या दिवसाच्या नोंदींसमोर लिहा. काहीच कमी वाटलं नाही, तर नवा परत करायची मुदत संपली नाही ना, तेवढं तपासा.