टीव्ही लावला, गुण वाढले? कृतिसंशोधनात या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की मला फोन सुरू होतात. कुणाचं बी.एड.चं कृतिसंशोधन असतं (म्हणजे आपल्याच वर्गातली अडचण घेऊन, उपाय करून, फरक पडला का ते तपासणं), कुणाला शिक्षण परिषदेत नवोपक्रम मांडायचा असतो. पलीकडून ठरलेलं वाक्य येतं, "सर, स्मार्ट टीव्हीवर अपूर्णांक शिकवले, गुण वाढले की ओ! आता अहवाल कसा लिहू?" मी विचारतो, टीव्ही सुरू केला तेव्हा बंद काय केलं? इथे बोलणं अडखळतं.

वाढीव वेळ टीव्हीच्या खात्यावर

सगळ्यात जास्त अहवाल इथे फसतात. शाळा सुटल्यावर मुलांना अर्धा तास थांबवलं, तेवढ्यात व्हिडिओ दाखवले, चाचणीत गुण वाढले. पण ही वाढ व्हिडिओची की अर्ध्या तासाची? शैक्षणिक तंत्रज्ञानाचे अभ्यासक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये म्हटलं होतं की शिकवण्याचं माध्यम (टीव्ही, संगणक) हे किराणा आणणाऱ्या ट्रकसारखं असतं, ट्रकमुळे कुणाचं पोषण सुधारत नाही. मला हे जरा टोकाचं वाटतं. आईस्क्रीम आणायचं तर साधा टेम्पो चालत नाही, आपल्या सोलापूरच्या उन्हात तर नाहीच. तरी प्रश्न बिनतोड आहे.

गुजरातमधल्या ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत अर्थतज्ज्ञ ली लिंडन यांनी नेमकं हेच तपासलं. तोच संगणक कार्यक्रम नेहमीच्या तासाच्या जागी वापरला तेव्हा गणितात मुलं मागे पडली, आणि शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून दिला तेव्हा पुढे गेली. म्हणून गृहीतक लिहितानाच "ऐवजी" की "शिवाय" हे ठरवा. "शिवाय" असेल तर टीव्ही नसलेल्या दुसऱ्या गटालाही तेवढाच जादा वेळ द्या, फक्त खडू-फळ्यावर.

गळालेली मुलं, फुगलेली सरासरी

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि मार्गदर्शकांसह कुणालाच ती दिसली नव्हती. ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडे पट हलतो. समजा पूर्वचाचणीला २८ मुलं होती, २५ पैकी सरासरी ११. त्यातली ७ मुलं आईवडिलांबरोबर फडावर गेली आणि त्यांची सरासरी होती ६. उरलेल्या २१ जणांची पूर्वचाचणीचीच सरासरी होते १२.६७. म्हणजे टीव्हीचा प्लगही लावला नाही, तोवर दीड गुणाहून जास्त "प्रगती" झाली! उपाय सोपा आहे. दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचेच गुण समोरासमोर ठेवा, आणि किती मुलं गळाली, त्यांचे आधीचे गुण काय होते, हे वेगळं लिहा. लपवू नका.

गणिताच्या नावाखाली भाषेची परीक्षा

अक्कलकोट रोडच्या विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) किंवा यंत्रमागांच्या वस्तीत मराठी माध्यमाच्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरात तेलुगू असते. अक्कलकोट तालुक्यात कन्नड, शहरात उर्दूही. व्हिडिओतल्या बाई मात्र पुस्तकी मराठीत भरभर बोलतात. पोरगं चित्र बघतं, माना डोलावतं, आणि शाब्दिक उदाहरणाला अडतं. आपण निष्कर्ष काढतो, "व्हिडिओचा उपयोग नाही." पाच-सहा मुलांना तोच प्रश्न तोंडी, त्यांच्या भाषेत विचारून बघा. उत्तर आलं तर अडचण अपूर्णांकाची नव्हती.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीचं उदाहरण सगळेच देतात. २०२० मध्ये तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि पुस्तकावरचे क्यूआर कोड घरोघरी माहीत झाले. पण त्यांनी पुस्तकं मुलांच्या मातृभाषेतही आणली होती, हे आपण सोयीनं विसरतो. कोड चिकटवणं एका दुपारचं काम, अनुवाद नाही.

"वापरलं" म्हणजे किती?

अहवालात लिहिलेलं असतं, "सहा आठवडे डिजिटल अध्यापन." प्रत्यक्षात दोन दिवस लाईट नव्हती, एक दिवस हॉटस्पॉट लागेना, रिमोट मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि सर तालुक्याला. वर्गाच्या दारामागे एक कागद लावा: तारीख, किती मिनिटं चाललं, किती मुलं हजर, काय बिघडलं. संख्याशास्त्राच्या आधी हा कागद बोलतो. टी-परीक्षिका (दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोग आहे का, हे बघणारं गणित) नंतर.

आणखी एक, चटकन सांगतो. पूर्वचाचणीचाच पेपर उत्तरचाचणीला देऊ नका, मुलांना उत्तरं पाठ असतात. काठिण्य तेच ठेवा, आकडे बदला.

नव्याची नवलाई

टॅब पहिल्यांदा हातात आला की मागच्या बाकावरचाही सरसावून बसतो. हे दोन आठवडे मोजून थांबाल तर नवलाईच मोजाल. वडोदऱ्यातल्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले होते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात गुण ०.४७ प्रमाण विचलनानं (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत, त्याचं हे माप) वाढले, ही वाढ मोठीच. पण कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर ती सुमारे ०.१० वर आली. आपल्याला वर्ष थांबता येत नाही, पण महिन्याभरानं दहा प्रश्नांची छोटी चाचणी घेता येते. तो रकाना मी अजून क्वचितच पाहतो.

पूर्वचाचणीच राहून गेली असेल तर

मागच्या तारखेनं गुण भरू नका. वर्गाच्या दोन तुकड्या असतील तर अदलाबदल करा. एका घटकाला 'अ' तुकडीला टीव्ही, 'ब'ला फळा; पुढच्या घटकाला उलट. प्रत्येक घटकाआधी दहा मिनिटांची चाचणी, नंतर दहा मिनिटांची. वेळ दोघांना सारखा, आणि जमलं तर शिक्षकही तोच. यात कुठल्याच तुकडीवर अन्याय होत नाही, त्यामुळे पालकही कुरकुर करत नाहीत. एकच तुकडी असेल तर चार घटक घ्या, दोन टीव्हीवर, दोन फळ्यावर. आणि कुठले कशावर ते चिठ्ठी टाकून ठरवा, नाहीतर सोपे घटक नकळत टीव्हीच्या वाट्याला जातात.

फक्त चाचणी संक्रांतीच्या आठवड्यात ठेवू नका. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अर्धा वर्ग होम मैदानावर असतो, आणि उरलेला अर्धा खिडकीतून तिकडेच बघत असतो.