पुस्तकासाठी संपादक नेमताना या चुका टाळा

ऐरोलीजवळच्या एका गावातले काका गेल्या वर्षी माझ्याकडे ठाण्याला आले, तेव्हा त्यांच्या खिशात दोन पेनड्राइव्ह होते. एकात त्यांनी लिहिलेलं पुस्तक आणि दुसऱ्यात तेच पुस्तक, पण 'संपादित'. विषय त्यांच्या गावाचा. मिठागरं, भातशेती, मग नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोने केलेलं भूसंपादन, त्याविरुद्धचे मोर्चे, आणि या सगळ्यातून चालत आलेली त्यांची आजी. आजी आगरी बोलणारी. मूळ फाइलमध्ये ती 'पानी' म्हणते, 'डोले' म्हणते, 'मला'च्या जागी 'मना' म्हणते. संपादित फाइलमध्ये मात्र तीच आजी शाळेच्या पाठ्यपुस्तकासारखी बोलत होती. काकांनी ठरलेले सगळे पैसे देऊन टाकले होते, आणि पुस्तक वाचताना आपण कुठे परक्या घरात आलो असं त्यांना वाटत होतं.

मी दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या. तिसऱ्या प्रकरणात 'जपानी पंखा' होता, तो 'जपाणी पंखा' झाला होता. 'मनात आलं'चं 'मलात आलं' झालं होतं. म्हणजे त्या संपादकाने 'पानी' शोधून सगळीकडे एका झटक्यात 'पाणी' घातलं, 'मना'च्या जागी 'मला' घातलं, आणि नंतर पुस्तक पुन्हा वाचलंच नाही. चूक त्याची होतीच. पण काकांनीही त्याला आजीबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. 'जरा भाषा तपासून द्या' एवढ्यावर काम ठरलं होतं.

गेली बारा वर्षं मी घरून पुस्तकांच्या संपादनाचं काम करते. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणारे पुष्कळ लेखक माझ्याकडे एकदा हात पोळल्यावरच येतात. पहिल्याच वेळी काय सांभाळायला हवं, ते इथे लिहिते आहे.

'संपादन' हा एकच शब्द वापरून मोकळं होणं

या एका शब्दाखाली निदान तीन वेगवेगळी कामं येतात. पहिलं आशयाचं: पुस्तक कुठे सुरू व्हावं, कुठलं प्रकरण अनावश्यक आहे, कुठे वाचक अडकतो. दुसरं भाषेचं: वाक्यरचना, पुनरुक्ती, शब्दांची निवड, परिच्छेदाचा ओघ. तिसरं मुद्रितशोधन, म्हणजे मांडणी झाल्यावर प्रुफं (छपाईआधीची तपासणीची पानं) वाचून ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, गळलेली ओळ, चुकलेला पानक्रमांक पकडणं. उत्तम मुद्रितशोधक हा उत्तम संपादक असेलच असं नाही, आणि उलटही खरं. काकांनी ज्याला काम दिलं तो प्रुफं वाचणारा माणूस होता. त्याने त्याला कळत होतं ते केलं.

क्रमही महत्त्वाचा. आधी शुद्धलेखन करून घेतलं आणि मग कुणीतरी सांगितलं की चौथं आणि सातवं प्रकरण एकत्र करा, तर पहिले पैसे पाण्यात गेले.

आपल्याला कोणतं काम हवंय हे कळायला एक साधा उपाय आहे. नात्यातल्या नसलेल्या दोघांना संहिता वाचायला द्या. 'आवडलं का' हे विचारू नका. 'कुठे थांबलात, कुठे पानं उलटलीत' हे विचारा. दोघंही एकाच जागी थांबले असतील, तर तिथे आशयाचं काम आहे. वाचून झालं पण दमायला झालं असं म्हणाले, तर भाषेचं.

प्रकाशक बघेल, या भरवशावर राहू नका. मौज प्रकाशनात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकाशी पत्रव्यवहार करत एकेका लेखनावर ज्या चिकाटीने काम करत, तशी सवड आज मोजक्याच प्रकाशनगृहांत मिळते. लेखक स्वतः पैसे घालतो तिथे तर बहुतेकदा दिलेली फाइल जशीच्या तशी छापायला जाते.

ओळखीतला माणूस, आणि नमुन्याला पहिलं प्रकरण

सोसायटीतल्या निवृत्त मराठीच्या बाई, भाच्याचा पत्रकार मित्र, कवितेच्या कट्ट्यावर भेटलेलं कुणीतरी. ही माणसं चांगली असतात, पण तुमच्या प्रकारच्या पुस्तकावर त्यांनी काम केलेलं नसतं, आणि संकोचामुळे तुम्ही त्यांना नाही म्हणू शकत नाही. ठाण्यात १८९३पासून चालत आलेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. तिथे किंवा आपल्या जवळच्या कोणत्याही वाचनालयात जा, तुमच्यासारखीच चार-पाच अलीकडची पुस्तकं काढा आणि श्रेयपान उघडा. अनेक पुस्तकांत संपादनाचं, मुद्रितशोधनाचं नाव छापलेलं असतं. पुस्तक वाचून आवडलं तर त्या माणसाचा शोध घ्या. समाजमाध्यमावरच्या जाहिरातीपेक्षा हा रस्ता खात्रीचा.

मग नमुना मागा. हजार-दीड हजार शब्दांचा, आणि त्याचे पैसे द्या. फुकट नमुन्यात कुणी जीव ओतत नाही. पण तो उतारा पहिल्या प्रकरणातला देऊ नका. पहिलं प्रकरण तुम्ही दहा वेळा घासलेलं असतं. तिथे संपादकाला करण्यासारखं काही उरलेलं नसतं. मधला, तुम्हाला स्वतःला खटकणारा उतारा द्या. संवाद असलेला असेल तर उत्तम. परत आल्यावर किती खुणा केल्या ते मोजत बसू नका. त्याने कुठे प्रश्न विचारला ते बघा. 'हे वाक्य इथे मुद्दाम आहे का?' असं समासात लिहिणारा माणूस मला न विचारता सफाई करणाऱ्यापेक्षा हजारपटीने जवळचा वाटतो.

पानावर पैसे ठरवणं

'पानाला इतके' असं ठरतं आणि महिन्याभराने वाद होतो, कारण कोणतं पान हे कुणीच बोललेलं नसतं. ए-फोर कागदावर बारीक अक्षरात दाटीने टाइप केलेलं एक पान छापील डेमी पुस्तकाच्या, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराच्या, दोन पानांना सहज पुरतं. त्यामुळे दर शब्दांवर ठरवा. फाइलमधली शब्दसंख्या दोघांनाही सारखीच दिसते.

वेळेचाही हिशोब मांडून बघा. साठ हजार शब्दांचं पुस्तक घेऊ. अडीचशे शब्दांचं एक पान धरलं तर २४० पानं. भाषेचं संपादन नीट करायचं तर माझा वेग तासाला पाचेक पानांचा आहे, म्हणजे ४८ तास. दिवसात चार तासांपलीकडे डोळे आणि डोकं एकाग्र राहत नाही. झाले बारा दिवस, तेही एका वाचनाचे. दुसरं वाचन आणि तुमच्याशी चर्चा धरली की तीन-चार आठवडे कुठेच गेले नाहीत. आठवड्यात देतो म्हणणारा बहुधा काहीतरी गाळणार आहे. पुस्तक कुणाच्या पंच्याहत्तरीला प्रकाशित करायचं असेल तर तारखेपासून मागे मोजत या, संपादकाला घाई करून ती तारीख गाठता येत नाही.

पैसे हप्त्यांनी द्या. सुरुवातीला एक भाग, निम्मी प्रकरणं हातात आल्यावर एक, शेवटी उरलेले. काकांसारखी पूर्ण रक्कम आधी देऊ नका, आणि काम संपल्यावर संपादकाला दोन-दोन महिने रखडवूही नका. हे सगळं एका ईमेलमध्ये लिहा: कोणतं काम, किती शब्द, किती वाचनं, कधी, किती हप्ते, काम मध्येच थांबलं तर काय, श्रेयपानावर नाव येणार की नाही. संपादक एआयचा वापर करणार असेल तर कुठे, हेही विचारून त्यातच लिहून घ्या. बोलीतला मजकूर यंत्रातून काढला की गुळगुळीत होऊन येतो. कॉपीराइटची भीती मात्र बाळगू नका. १९५७च्या कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. नुसत्या संपादनाने तो कुणाकडे जात नाही.

काय बदलायचं नाही, ते न सांगणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. संपादकाच्या हाती फाइल देण्याआधी एक जपायची यादी करा. काकांच्या पुस्तकासाठी आम्ही दोघांनी बसून ती केली. आजीचं बोलणं जसंच्या तसं. मिठागरावरचे आणि खाडीतल्या मासेमारीचे शब्द प्रमाण भाषेत आणायचे नाहीत, अर्थ कळत नसेल तर आजूबाजूच्या वाक्यातून कळू द्यायचा. निवेदन प्रमाण मराठीत, पण काका लहान असतानाच्या प्रकरणांत 'आमी' तसंच ठेवायचं. दीड पानाची यादी झाली. ती करताना काकांना स्वतःलाच कळलं की आजी पहिल्या प्रकरणात 'नाय' म्हणते आणि पाचव्यात 'नाही'. म्हणजे काही ठिकाणी त्यांनीच तिला नकळत शाळेत घातलं होतं. ते आम्ही परत फिरवलं.

कुणी शुद्धलेखनाच्या नियमांचा दाखला दिला तर घाबरू नका. मराठी साहित्य महामंडळाचे जे नियम आज आपण पाळतो, त्यातले चौदा १९६२चे आणि पुढचे चार १९७२चे. त्याच नियमांमध्ये पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा आहे. 'पानी' ही अशुद्ध लेखनाची चूक नाही, ते एका माणसाचं बोलणं आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. 'माझ्या आठवणी आहेत, त्यात काय तपासायचं?' असं म्हणून तथ्यांना हात लावू न देणारे लेखकही भेटतात. काकांनी १९७२च्या प्रसंगात 'रायगड जिल्हा' लिहिलं होतं. तेव्हा तो कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ला आलं. भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनातला जासईचा गोळीबार एका ठिकाणी १९८४ला होता आणि पन्नास पानांनी १९८५ला. १९८४ बरोबर. त्यांचा पुतण्या १९९८ साली ठाण्याहून वाशीची लोकल पकडत होता, आणि ती गाडी तर २००४मध्ये सुरू झाली. गावातला जाणता वाचक यातली एकही चूक सोडणार नाही, आणि मग त्याचा आजीवरचाही विश्वास उडेल. संपादकाला हे तपासायला सांगा, आणि त्याने विचारलं तर रागावू नका. कवितेच्या ओळी प्रकरणाच्या माथ्यावर घातल्या असतील तर त्याचीही विचारणा होईल, कारण कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतात.

फाइल बिघडली, सूर हरवला, तर

जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेली फाइल युनिकोडमध्ये आणली की 'दुसऱ्या'चं 'दुस-या' होतं, रफार भलत्या अक्षरावर बसतो. हे संपादनाच्या आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर संपादकाचे पहिले आठ दिवस यातच जातील. मूळ फाइलची एक प्रत वेगळी ठेवा, तिला कुणीही हात लावायचा नाही.

संपादकाला बदल दिसतील अशाच पद्धतीने काम करायला सांगा: वर्डमध्ये 'ट्रॅक चेंजेस' चालू ठेवून, गुगल डॉक्सवर 'सजेस्टिंग'मध्ये. तरीही साफ केलेली फाइल हातात पडली, तर हताश होऊ नका. वर्डमध्ये 'रिव्ह्यू'खाली 'कम्पेअर' आहे. तिथे मूळ आणि संपादित फाइल दिली की प्रत्येक फरक रंगाने समोर येतो, मग एकेक स्वीकारता किंवा नाकारता येतो. काकांचं पुस्तक आम्ही असंच वाचवलं. त्या संपादकाने सुधारलेली कित्येक वाक्यं चांगली होती, ती ठेवली. आजीची सगळी परत आणली.

काम मध्यावर असतानाच सूर बिघडतोय असं वाटलं तर शेवटापर्यंत थांबू नका. दहा पानं निवडा, फोनवर न बोलता समोरासमोर बसा आणि प्रत्येक बदलाचं कारण विचारा. कारणं पटली तर पुढे चला. नाही पटली तर झालेल्या शब्दांचे पैसे चुकते करून थांबा. ईमेलमध्ये ते आधीच लिहिलेलं असेल.

काकांच्या पुस्तकाची मांडणी आता झाली आहे आणि प्रुफं मुद्रितशोधकाकडे गेली आहेत. त्या गठ्ठ्यावर सगळ्यात वर आम्ही ती दीड पानाची यादी टाचून दिली आहे.