सेकंडहँड गाडी झटके मारतेय? क्लच बदलायच्या आधी हे बघा

माझी सेकंडहँड पेट्रोल गाडी मुंबईतल्या जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) ट्रॅफिकमध्ये सेकंड गिअरला अशी हुंदके द्यायची की मागे बसलेल्या आईची मान धरली. गॅरेजवाला बघताक्षणी क्लच प्लेट म्हणाला, पण थांबा, आधी स्वतः बघा.

स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायची जागा, तिथे स्कॅनर लावा, डॅशबोर्डवर चेक इंजिनची लाइट नसली तरी लावा. पी०३०० कोड म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, मग स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बघायचे. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, बऱ्याचदा कुठल्यातरी फाटक्या होजमधून जास्तीची हवा आत जातेय.

कोडच नसेल तर माझा पहिला संशय थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागावर. एअर फिल्टरपासून येणारा जाड पाइप सोडवला की आत गोल झडप दिसते, माझ्या गाडीत तिच्या कडेला काजळीचा काळा चिकट थर होता, त्यामुळे पेडल हलकं दाबलं तरी झडप आधी अडकायची आणि मग एकदम उघडायची. इंजिन थंड, चावी काढलेली, थ्रॉटल बॉडी क्लीनर फडक्यावर मारून हळू पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (केबलऐवजी मोटरने झडप हलवणारा) असेल तर झडप बोटाने जोरात ढकलू नका प्लीज, आतले गिअर तुटू शकतात. आणि हा स्प्रे एमएएफ सेन्सरवर (आत येणारी हवा मोजणारा) अजिबात नको, त्याचा क्लीनर वेगळा मिळतो.

साफ केल्यावर आयडल, म्हणजे पेडल न दाबता इंजिनचा वेग, वरखाली झालं तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांना रीलर्न लागतं, म्हणजे कॉम्प्युटरला झडपेची जागा पुन्हा शिकवावी लागते, पद्धत मॉडेलनुसार वेगळी.

तरीही झटके आले तर बॉनेट उघडून कुणाला तरी हलकी रेस द्यायला सांगा, इंजिन जोरात उडी मारत असेल तर माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार, गेलेलं असू शकतं.