बारावीतूनच थेट नर्सिंगला अर्ज करताना

अमेरिकेत बारावीला असलेल्या आपल्या मुलामुलींना नर्सिंग करायचं असेल, तर आधी एकच गोष्ट विचारा: प्रवेश थेट नर्सिंगला आहे की 'प्री-नर्सिंग'ला? दोन्हींची नावं सारखी वाटतात, पण प्री-नर्सिंगमध्ये वर्ष-दोन वर्षं शिकून पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि तिथे जागा न मिळाल्यास विषयच बदलावा लागू शकतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासारख्या ठिकाणी पहिल्या वर्षापासूनच नर्सिंगची जागा मिळते. अर्ज भरताना मेजरच्या (मुख्य विषयाच्या) जागी 'नर्सिंग'च निवडा. 'अनडिसायडेड' (अजून ठरलेलं नाही) लिहून नंतर बदलू, हा बेत इथे सहसा फसतो.

थेट प्रवेश मिळाला तरी जागा टिकवावी लागते. किमान जीपीए (गुणांची सरासरी) किती आणि नापास झालेला विषय किती वेळा पुन्हा देता येतो, हे लेखी मागून घ्या. कॉलेजच्या नर्सिंग अभ्यासक्रमाला सीसीएनई किंवा एसीईएन या मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता आहे ना, तेही बघा. एनसीएलईएक्स या नर्सिंगच्या परवाना परीक्षेत त्या कॉलेजचे किती टक्के विद्यार्थी पास होतात, तो निकाल राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या साइटवर बहुधा सापडतो.

कॉमन ॲप (एकाच ठिकाणाहून अनेक कॉलेजांना अर्ज करण्याची ऑनलाइन सोय) १ ऑगस्टला उघडतं आणि बऱ्याच ठिकाणी लवकरच्या अर्जाची मुदत १ नोव्हेंबर असते. यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला नर्सिंगसाठी वेगळा पुरवणी अर्जही लागतो. निबंधासाठी आजीच्या आजारपणात स्वतः केलेली शुश्रूषा खरेपणाने लिहिली तरी पुरे.